चित्र येतं, आवाज येत नाही: लिनक्सवर टीव्ही ट्यूनर कार्डाचा आवाज नेमका कुठे अडतो

लिनक्सच्या संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं की बहुतेकांची अडचण एकच असते. चित्र लख्ख येतं, चॅनेल बदलतात, रंगही ठीक असतात, पण आवाजाचा पत्ता नसतो. मग माणूस स्पीकरची वायर काढून पुन्हा लावतो, व्हॉल्यूम शंभरावर नेतो आणि शेवटी ड्रायव्हरला नावं ठेवतो. ड्रायव्हरचा दोष यात क्वचितच असतो.

या कार्डात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे एकदा ध्यानात आलं की निम्मं काम झालं. चित्राचं सगळं काम कार्डावरची मुख्य चिप करते. ब्रुकट्रीची बीटी८७८ चिप असलेलं कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, चित्र उचलून पीसीआय बसवरून, म्हणजे कार्ड आणि संगणक जोडणाऱ्या मार्गावरून, मेमरीत टाकायची रीत तीच. त्यामुळे ड्रायव्हरने चिप ओळखली की चित्र मिळतं. आवाजाचं तसं नाही. ट्यूनरमधून निघालेला आवाज कुठल्या चिपमधून न्यायचा, कुठे वळवायचा, मागच्या जॅकवर काढायचा की आतूनच पीसीआयवर चढवायचा, हे प्रत्येक कार्ड बनवणाऱ्याने आपापल्या पद्धतीने ठरवलं. म्हणून एकाच चिपच्या दोन कार्डांत चित्राची मांडणी तंतोतंत सारखी आणि आवाजाची पार वेगळी असू शकते. शेजाऱ्याच्या कार्डाला लागू पडलेला उपाय तुमच्या कार्डाला लागू पडत नाही, याचं कारण हेच.

आता कुणी विचारेल, हे सगळं आज कशाला? मुंबईत केबल टीव्ही ३१ ऑक्टोबर २०१२ला डिजिटल झाला, पुणे-नागपूरसारख्या शहरांची मुदत ३१ मार्च २०१३ होती, आणि दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही मोक्याच्या काही जागा सोडल्या तर मार्च २०२२पर्यंत बंद झाले. अँटेना लावून बातम्या बघायला हे कार्ड आता कुणी घेणार नाही, हे खरंच. पण घरोघरी कपाटांत व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत: लग्नं, बारशी, मुंजी, गणपतीतले कार्यक्रम. त्या संगणकात उतरवून घ्यायला जुनं ट्यूनर कार्ड आजही चांगलं काम देतं. आणि त्या कॅसेटींत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आवाज. आजीचा चेहरा फोटोत सापडतो. तिने म्हटलेलं मंगलाष्टक फक्त कॅसेटीतच असतं.

डिजिटल कार्डांची, म्हणजे डीव्हीबीवाल्यांची, ही अडचणच नाही. त्यांत चित्र आणि आवाज एकाच डेटा-प्रवाहात गुंफून येतात आणि व्हीएलसीसारखा प्लेअर दोन्ही सोडवून घेतो. पुढचं सगळं अ‍ॅनालॉग कार्डांबद्दल आहे.

आधी अर्धी वाट तपासा

सगळ्यात उपयोगी तपासणी आधी सांगतो, कारण तिला सॉफ्टवेअर लागत नाही. कार्डाच्या मागच्या पट्टीवर आवाज बाहेर काढणारा जॅक आहे का बघा. असेल तर टीव्हीचा प्रोग्राम चालू ठेवून त्या जॅकमध्ये सरळ हेडफोन लावा. हा जॅक हेडफोनसाठी बनवलेला नसल्यामुळे आवाज दबका येईल, पण येतो की नाही एवढं कळतं. ऐकू आला, तर कार्डाच्या आतलं सगळं ठीक आहे आणि गडबड पुढे, साउंड कार्डाकडे आहे. काहीच आलं नाही, तर साउंड कार्डाच्या सेटिंगशी खेळण्यात वेळ घालवू नका.

शेताला पाटाचं पाणी देताना वरचं बारं बंद असेल तर खालची सगळी उघडून उपयोग नसतो. इथेही तसंच. वाट वरून खाली तपासत यायची.

काय ऐकू येतंय याकडेही लक्ष द्या. खरखर आणि पूर्ण शांतता या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. खरखर किंवा फुसफुस येत असेल तर वाट मोकळी आहे, फक्त तिच्यात चुकीचं काहीतरी शिरतंय. पूर्ण शांतता असेल तर कुठेतरी काहीतरी बंद आहे.

खरखर येते तेव्हा

अ‍ॅनालॉग टीव्हीच्या प्रक्षेपणात चित्राची एक वाहक लहर असते आणि आवाजाची दुसरी, पहिलीपासून ठरावीक अंतरावर. भारतात दूरदर्शनने पाल या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचा बी हा प्रकार घेतला. त्यात हे अंतर ५.५ मेगाहर्ट्झ आहे. यूएचएफ पट्ट्यातल्या जी प्रकारातही तेवढंच, म्हणून प्रोग्राममध्ये दोन्ही मिळून पाल-बीजी असं लिहिलेलं दिसतं. ब्रिटनच्या पाल-आय प्रकारात हेच अंतर ६ मेगाहर्ट्झ, चीनच्या पाल-डीके प्रकारात ६.५, आणि अमेरिकेच्या एनटीएससीत ४.५.

घोळ होतो तो इथे. बीजी, आय आणि डीके या तिन्हींत चित्राच्या रेषा ६२५च असतात आणि रंगाची पद्धतही तीच. प्रोग्राममध्ये चुकून पाल-आय निवडलं तरी चित्राला काही होत नाही, म्हणून संशयही येत नाही. कार्ड मात्र आवाज ६ मेगाहर्ट्झवर शोधत बसतं, जिथे काहीच नसतं, आणि आपल्याला खरखर ऐकू येते. नुसतं ‘पाल’ न निवडता ‘पाल-बीजी’ निवडलं की पुष्कळ कार्डं तिथल्या तिथे बोलू लागतात.

जुना व्हीसीआर अँटेनाच्या वायरीने कार्डाला जोडला असेल तरी हीच गोष्ट लागू होते, कारण त्याच्या आत एक छोटा प्रक्षेपकच असतो. इंग्लंडहून कुणी आणलेला व्हीसीआर त्या वायरीवर आवाज ६ मेगाहर्ट्झवर पाठवील. तिथे मग पाल-आयच निवडावं लागेल.

खरखरीचं दुसरं कारण म्हणजे ट्यूनरचा चुकीचा क्रमांक. कार्डावर पत्र्याची जी डबी असते, तो ट्यूनर. लिनक्समध्ये प्रत्येक जातीच्या डबीला क्रमांक दिलेला आहे. उदाहरणार्थ, फिलिप्सच्या पाल-बीजी डब्यांचा क्रमांक ५. डबीवरच्या चिठ्ठीवर मॉडेल लिहिलेलं असतं. संगणक उघडून ते वाचणं हा अंदाजाने क्रमांक टाकत बसण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा मार्ग आहे.

पूर्ण शांतता: कार्डाच्या आतलं बारं

ट्यूनरच्या पुढे आवाज एका छोट्या चिपपाशी येतो. चांगल्या कार्डांवर ती मायक्रोनासची एमएसपी३४०० किंवा तिच्या घराण्यातली असते. स्टीरिओ वगैरे तीच सोडवते आणि लिनक्समध्ये तिच्यासाठी त्याच नावाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, आहे. स्वस्त कार्डांवर असं काही नसतं. तिथे मल्टिप्लेक्सर नावाची साधी चिप असते. तिच्या तोंडाशी ट्यूनर, एफएम रेडिओ आणि बाहेरून येणारा जॅक अशा तीन-चार वायरी येतात, आणि त्यांतली कुठली पुढे सोडायची हे मुख्य चिपचे काही फुटकळ पाय ठरवतात. या पायांना जीपीआयओ म्हणतात. कुठला पाय वर केला की ट्यूनर जोडला जातो आणि कुठला केला की सगळंच बंद होतं, हे दर कार्डाला वेगळं.

आता ड्रायव्हरला हे कळणार कसं? त्याच्याजवळ एक यादी असते. बीटी८७८साठी बीटीटीव्ही हा ड्रायव्हर, फिलिप्सच्या चिपसाठी एसएए७१३४, कोनेक्संटच्या चिपसाठी सीएक्स८८. प्रत्येकाच्या यादीत ढीगभर कार्डं आहेत आणि प्रत्येकापुढे जीपीआयओचे आकडे. कार्डावर ओळख लिहिलेली छोटी मेमरी असली तर ड्रायव्हर स्वतःच क्रमांक शोधतो. नसली तर ‘अनोळखी कार्ड’ म्हणून क्रमांक शून्य धरतो. चित्र तेव्हाही येतं, पण आवाजाचं बारं कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून आवाज नसेल तर आधी डीमेसेज (dmesg) ही आज्ञा चालवून कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप वाचा. तिथे ड्रायव्हरने कुठलं कार्ड धरलंय ते नाव आणि क्रमांकासकट लिहिलेलं असतं. चुकीचं असेल तर कर्नलच्या दस्तऐवजांतल्या यादीतून आपल्या कार्डाचा क्रमांक काढायचा. हॉपॉगचं बीटी८७८ कार्ड असेल तर तो १०. मग मॉड्यूल उतरवून तो क्रमांक सांगत पुन्हा चढवायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बिननावाच्या डब्यांतून विकली गेलेली कार्डं यादीत नावाने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी कार्डावरची चिप, डबी आणि जॅकची मांडणी बघून जवळचं कार्ड शोधावं लागतं. हे काम चिकाटीचं आहे, पण जमतं, कारण अशी बरीच कार्डं एखाद्या नावाजलेल्या कार्डाच्या नकलाच असतात.

याच टप्प्यावर आणखी एक बारं आहे, आणि ते फार जणांना अडवतं: म्यूट. व्हिडिओच्या यंत्रणेत, म्हणजे व्हिडिओ फॉर लिनक्समध्ये, कार्डाचा स्वतःचा म्यूट असतो. साउंड कार्डाच्या मिक्सरशी त्याचा काही संबंध नाही आणि तिथे तो दिसतही नाही. तो बघायला आणि काढायला व्ही४एल२-सीटीएल हे साधन वापरायचं. सगळी नियंत्रणं छापायला सांगितलं की म्यूट १ आहे की ० ते दिसतं, आणि ० केला की वाट उघडते. अनेक कार्डांत टीव्हीचा प्रोग्राम बंद झाला की ड्रायव्हर आपण होऊन म्यूट लावतो. म्हणून प्रोग्राम बंद ठेवून नुसता आवाज तपासायला गेलात तर शांतताच मिळेल. तपासताना चित्र चालू हवं.

कार्डापासून स्पीकरपर्यंत दोन रस्ते

पहिला रस्ता वायरीचा. कार्डाच्या मागच्या जॅकमधून एक छोटी वायर साउंड कार्डाच्या निळ्या, लाइन-इन जॅकमध्ये जाते. काही कार्डांवर ही वायर संगणकाच्या आतूनच, चार पिनांच्या पांढऱ्या कनेक्टरने, साउंड कार्डाच्या सीडी किंवा ऑक्स जागेवर जोडतात. गुलाबी जॅकमध्ये मात्र ती लावू नका. तो मायक्रोफोनचा, त्यामागे आवाज खूप वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि ट्यूनरचा आवाज तिथे फाटून येतो.

वायर लावली म्हणजे काम संपलं नाही. अल्सा ही लिनक्सची ध्वनी-यंत्रणा; तिचा अल्सा-मिक्सर उघडून ‘लाइन’चा खांब बघा. खाली ‘एमएम’ दिसत असेल तर तो बंद आहे. एम दाबला की उघडतो. नव्या मदरबोर्डांवर कधी कधी हा खांबच नसतो, कारण आवाज लाइन-इनमधून थेट स्पीकरकडे सोडायची सोय त्यांच्या ध्वनी-चिपमध्ये नसते किंवा ‘लूपबॅक मिक्सिंग’ या खटक्यामागे बंद असते. तिथे लाइन-इन रेकॉर्डिंगसाठी निवडायचं आणि तो आवाज सॉफ्टवेअरने स्पीकरकडे न्यायचा. पल्सऑडिओ या ध्वनी-सेवेत त्यासाठी लूपबॅक नावाचं मॉड्यूल आहे. पाइपवायरमध्येही तशीच सोय आहे.

दुसरा रस्ता पीसीआयचा, वायरीशिवाय. बीटी८७८ प्रत्यक्षात एका चिपमध्ये दोन उपकरणं आहेत. पीसीआय उपकरणांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा चालवली की ती दोन ओळींत दिसतात: एक ‘व्हिडिओ कॅप्चर’, दुसरी ‘ऑडिओ कॅप्चर’. दुसरीसाठी एसएनडी-बीटी८७एक्स हे मॉड्यूल. फिलिप्सच्या चिपांसाठी एसएए७१३४-अल्सा, कोनेक्संटसाठी सीएक्स८८-अल्सा. मॉड्यूल चढलं की ए-रेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या आज्ञेच्या यादीत एक नवं साउंड कार्ड दिसतं.

दोन सूचना इथेच. बीटी८७८च्या ध्वनी-भागाला आवाजाची वायर कार्डावर जोडायची की नाही हे कार्ड बनवणाऱ्याच्या हातात होतं, आणि काहींनी ती जोडलीच नाही. त्यामुळे हे मॉड्यूल फक्त खात्रीच्या कार्डांवर आपसूक चढतं. बाकीच्यांवर ‘लोड-ऑल’ हा पर्याय देऊन चढवून बघता येतं. फिलिप्सच्या एसएए७१३० चिपमध्ये तर डिजिटल आवाजाची सोयच नाही. तुमच्या कार्डावर ती असेल तर वायरीला पर्याय नाही. मॉड्यूलच्या मागे लागून वेळ दवडू नका.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो मुद्दा. नवं साउंड कार्ड यादीत दिसलं म्हणून आवाज ऐकू येणार नाही. हे कार्ड फक्त आवाज आत घेतं, वाजवत नाही. कुणीतरी तिथून आवाज उचलून खऱ्या साउंड कार्डावर सतत ओतत राहायला हवं. अल्सा-लूप हा प्रोग्राम नेमकं तेच करतो: एका बाजूला ट्यूनरचं उपकरण, दुसऱ्या बाजूला स्पीकरचं, आणि मधे किती उशीर चालेल तो आकडा. ए-रेकॉर्डचा निकाल वाजवणाऱ्या ए-प्ले या आज्ञेच्या तोंडात देऊनही काम भागतं, पण दोन्ही कार्डांची घड्याळं तंतोतंत जुळत नसल्यामुळे काही वेळाने आवाज तुटू लागतो किंवा मागे पडतो. अल्सा-लूपमध्ये ती जुळवणी करायची सोय आहे. टीव्हीटाइमसारख्या प्रोग्रामांच्या जुन्या आवृत्त्यांना वायरीचाच रस्ता ठाऊक होता. चित्र दाखवणं एवढंच त्यांचं काम. टीव्हीटाइम आणि एक्सएडब्ल्यूटीव्हीच्या नंतरच्या आवृत्त्या आवाज स्वतः वाहून नेतात. एमप्लेअरला आवाजाचं उपकरण वेगळं सांगावं लागतं, आणि ‘इमिजिएट मोड’ शून्य केला नाही तर तो कार्डाकडून आवाज घेतच नाही.

आवाजाचा वेगही बघा. एसएए७१३४ची कार्डं सहसा सेकंदाला ३२,००० नमुने देतात, सीएक्स८८ची ४८,०००. ३२,००० नमुन्यांचा आवाज ४८,०००चा समजून वाजवला तर तो दीडपट वेगाने जातो आणि बातम्या देणारा माणूस चिरक्या आवाजात बोलू लागतो. असं ऐकू आलं तर आनंद माना: वाट पूर्ण उघडी आहे, एक आकडा बदलायचा राहिलाय.

या रस्त्याचा एक दुष्परिणाम भल्याभल्यांना चकवतो. संगणक सुरू होताना ट्यूनरचं ध्वनी-मॉड्यूल आधी चढलं तर ते पहिला, म्हणजे शून्य क्रमांक पटकावतं. मग गाणी, ब्राउझर, सगळेच आपला आवाज अशा कार्डाकडे पाठवू लागतात जे वाजवूच शकत नाही, आणि संगणक मुका होतो. उपाय सोपा आहे: मोडप्रोबच्या, म्हणजे मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या, सेटिंगच्या फायलीत त्या मॉड्यूलपुढे इंडेक्स उणे दोन असं लिहायचं. त्याचा अर्थ, पहिला क्रमांक कधीही घेऊ नकोस.

जुन्या सूचना वाचताना सावध राहा. बीटीऑडिओ मॉड्यूल, ओएसएस किंवा डेव्ह-डीएसपी यांचे उल्लेख दिसले तर ती माहिती अल्साच्या आधीच्या काळातली आहे. व्हिडिओ फॉर लिनक्सची पहिली आवृत्तीही २०११मध्ये, कर्नल २.६.३८मधून, काढून टाकली गेली. कार्डांचे ड्रायव्हर मात्र अजून जिवंत आहेत. बीटीटीव्हीची तर २०२३मध्येही डागडुजी झाली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कार्डाची एवढी काळजी घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कॅसेट उतरवताना

व्हीसीआर अँटेनाच्या वायरीऐवजी पिवळ्या वायरीने जोडा. चित्र जास्त स्वच्छ येतं, आणि वरची खरखरीची सगळी भानगड टळते, कारण आवाज इथे वाहक लहरीवर बसून येत नाही. पण पिवळ्या वायरीत आवाज नसतो, एस-व्हिडिओच्या वायरीतही नसतो. तो पांढऱ्या-लाल वायरींत असतो. त्या कार्डाच्या आवाज घेणाऱ्या जॅकमध्ये लावा, किंवा सरळ साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये. मला दुसरा मार्ग पसंत आहे: ट्यूनर कार्डाचा मल्टिप्लेक्सर, म्यूट, क्रमांक, सगळंच बाजूला राहतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेटी एनटीएससी असतात. त्या वाजवू शकणारा व्हीसीआर लागतो, आणि कार्डाला चित्रासाठी एनटीएससी सांगावं लागतं. आवाजाला पांढऱ्या-लाल वायरीवर काही फरक पडत नाही.

लाइन-इनच्या मार्गात एकच धोका आहे. चित्र ट्यूनर कार्डाच्या घड्याळावर मोजलं जातं आणि आवाज साउंड कार्डाच्या. दोघांत दहा हजारांत एक एवढा फरक असला तरी तीन तासांच्या कॅसेटीत तो एका सेकंदावर जातो. सुरुवातीला अंतरपाटाच्या वेळी ओठ आणि शब्द जुळलेले, आणि पंगतीपर्यंत शब्द आधी व ओठ हलणं मागाहून. एफएफएमपेग या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये आवाज चित्राच्या वेळेप्रमाणे किंचित ताणायची किंवा आवळायची सोय आहे; ती चालू ठेवा. शिवाय कॅसेट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत उतरवली तर फरक साठत नाही.

पूर्ण कॅसेट लावण्याआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. सनई किंवा बँड वाजत असेल असा भाग निवडा, कारण आवाज फाटत असेल तर तो तिथेच फाटेल. फाटत असेल तर अल्सा-मिक्सरमध्ये एफ४ दाबून रेकॉर्डिंगच्या बाजूला जा आणि कॅप्चरचा खांब खाली आणा. रेकॉर्ड होताना फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही; दबका असेल तर वाढवता येतो. सगळं मनासारखं जमलं की अल्सा-सीटीएलने मिक्सरची स्थिती साठवा, आणि कार्डाचा व ट्यूनरचा क्रमांक मोडप्रोबच्या फायलीत लिहून ठेवा. नाहीतर संगणक पुढच्या वेळी सुरू झाला की क्रमांक पुन्हा शून्य धरला जाईल आणि चित्र येईल, आवाज येणार नाही.